आर्त : दुखणाऱ्याची भक्ती कमी दर्जाची असते का?



आजचा श्लोक : गीता, अध्याय ७, श्लोक १६. जमलं तर पुढचे दोन श्लोकही आजच वाचून घ्या, कारण आजचा मुद्दा तिन्ही मिळून पूर्ण होतो.

अर्थ आपल्या साध्या भाषेत असा. भगवंत म्हणतात, मला भजणारे पुण्यवान लोक चार प्रकारचे असतात. एक आर्त, म्हणजे दुःखाने कळवळून हाक मारणारा. दुसरा जिज्ञासू, ज्याला जाणून घ्यायचं आहे. तिसरा अर्थार्थी, ज्याला काहीतरी हवं आहे. चौथा ज्ञानी. सतराव्या श्लोकात ते सांगतात की ज्ञानी मला सगळ्यात प्रिय. आणि अठराव्यात लगेच सांगतात की हे सगळेच उदार आहेत, थोर आहेत.

मी कित्येक वर्षं ही यादी जिन्यासारखी वाचत आलो. सगळ्यात खाली आर्त, सगळ्यात वर ज्ञानी. आपण इंजिनिअर लोक, आपल्याला लेव्हल्स आवडतात. आर्त म्हणजे भक्तीचा फ्री प्लॅन, संकट आलं की लॉगिन करणारा. मी स्वतःला जिज्ञासू समजायचो, आणि मनातल्या मनात थोडा वरच्या पायरीवर उभा असायचो.

ती पायरी माझ्या मावशीने काढून घेतली. आजचं चिंतन तिच्याबद्दल आहे. तिला विचारून लिहितोय. "नाव नको टाकू, बाकी लिही," असं म्हणाली आहे.

मावशी सेलू तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची कपाशीची शेती. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत, अभ्यंगाच्या वेळी, तिच्या हाताला छातीत गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती. दुखत नव्हती म्हणूनच ती गप्प बसली. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि आपल्याकडे बाईच्या अंगाला दुखल्याशिवाय कोणी दवाखान्यात नेत नाही, ती स्वतःही जात नाही. त्यात सीतादही झालेली, वेचणी सुरू झालेली, बाया मिळत नव्हत्या. तिने कोणालाच सांगितलं नाही. फक्त देवाला सांगितलं. एकवीस शनिवार धरले. एका जाणत्या महाराजांकडेही जाऊन आली. त्यांनी सांगितलं, सुई लागली तर गुण जाईल, थांब.

फेब्रुवारीत गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा माझ्या आईला कळलं. मग नागपूर, मॅमोग्राफी, बायोप्सी आणि तो रिपोर्ट.

घरात दोन गोष्टी झाल्या, ज्यांच्यामुळे मी हे लिहितोय.

पहिली. एक नातेवाईक बाई भेटायला आल्या आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं काही राहिलं असेल बाप्पा, भोगूनच संपवावं लागते." मावशी काही बोलली नाही. पण त्या रात्री तिने आईला विचारलं, "मी असं कोणाचं काय केलं असेल वं?"

दुसरी गोष्ट मी केली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पुण्यातून तिला व्हॉट्सअॅपवर एक श्लोक पाठवला. अध्याय २, श्लोक २२, जुने कपडे टाकून माणूस नवे घालतो तसं देह आणि आत्म्याचं आहे, तोच. छान बॅकग्राउंडवर डिझाइन केलेला, खाली या ब्लॉगचं नाव. मला वाटलं, मी तिला आधार दिला. निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

उत्तर सहा महिन्यांनी आलं, समोरासमोर. "बाबू, तू कपड्याचं पाठवलं होतं ना? खरं आहे ते, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी माझं कापणार होते. तुझं नाही."

मित्रांनो, या एका वाक्यावर मी जेवढा विचार केला तेवढा कोणत्याच भाष्यावर केला नसेल. श्लोक खोटा नव्हता. पाठवणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता. मग चुकलं काय?

मला आज जे उत्तर वाटतं ते असं. अध्यात्मातली मोठी वाक्यं प्रथमपुरुषी असतात. "मी देह नाही" हे मावशी स्वतः म्हणेल तेव्हा तो तिचा आधार आहे. "तू देह नाहीस" असं मी, सगळे अवयव शाबूत असलेला माणूस, तिला म्हणतो तेव्हा तेच वाक्य दगड होतं. "हे माझं प्रारब्ध आहे, मी सोसेन" हे तिचं बळ असू शकतं. "हे तुझं प्रारब्ध आहे" हा आरोप आहे. शब्द तेच राहतात, पुरुष बदलला की अर्थ बदलतो.

आता कर्माचं बघू, कारण तो प्रश्न खरा आहे आणि तुमच्यापैकी अनेकांना तो पडत असणार. कर्मसिद्धांत मानायचा तर आजारही कर्माचंच फळ नाही का?

आपल्या जिल्ह्याशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, हजारो माणसं गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणासाठी देशभर फिरत होते. ते म्हणाले, हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर विरोध केला. भौतिक घटनेची कारणं भौतिकच असतात, नीतीचा हिशेब त्यात मिसळू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बापूंनी तो विरोध आपल्या 'हरिजन'मध्ये छापला, पण स्वतःचं मत सोडलं नाही. त्याच वर्षी ते वर्ध्यात राहायला आले आणि १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला.

मी बापूंच्या जिल्ह्यातला माणूस, तरी या वादात मी टागोरांच्या बाजूने आहे. बापू "आपलं पाप" म्हणत होते, बोट स्वतःकडेही होतं, हे मान्य. पण ढिगाऱ्याखाली जे गेले त्यांत अस्पृश्यता सोसणारेही असणारच. शिक्षा पत्ता चुकवून येत असेल तर ती शिक्षा कसली?

कॅन्सरचंही तसंच. आपल्या शरीरात पेशी सतत विभागत असतात, आणि प्रत्येक वेळी अब्जावधी अक्षरांच्या डीएनएची नक्कल होते. नकलेत चुका होतात. बहुतेक दुरुस्त होतात, काही राहून जातात. वय वाढतं तशा त्या साठत जातात. शंभरातल्या साधारण ५ ते १० जणींत आईवडिलांकडून आलेला जीनमधला दोष हे मुख्य कारण असतं. बाकीच्यांत वय, हार्मोन्स, वजन, दारू असे धोका वाढवणारे घटक असतात, आणि बऱ्याच जणींत एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. आज भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. एवढ्या सगळ्या बायका पापी, आणि त्यांचे नवरे तेवढे पुण्यवान? हे कोणाला पटेल?

आणि पाप-पुण्याचाच हिशेब असता तर रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेले नसते. रमण महर्षींच्या हातावर गाठ आली नसती, त्यावर ऑपरेशनं झाली, तरी १९५० मध्ये ते गेले. आणि आपल्या विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले. त्यांच्याकडे बोट दाखवून "मागच्या जन्मीचं" म्हणायची हिंमत आपली होत नाही. ती हिंमत होते मावशीसारख्या बाईपुढे, कारण ती उलट बोलत नाही.

तुमच्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम माहीत असेल. सिस्टिम बंद पडली की मीटिंग होते, काय झालं ते शोधतात, पण "कोणाची चूक" हा प्रश्न विचारायचा नाही असा नियम असतो. कारण तो प्रश्न आला की माणसं लपवायला लागतात. मावशीने चार महिने गाठ लपवली ती अज्ञानामुळे, हे अर्धंच खरं. "लोक काय म्हणतील, मी काय केलं असेल" ही भीतीही त्यात होती. कर्माचा सिद्धांत दुसऱ्याच्या आजारावर लावला की गाठी लपतात, आणि लपलेल्या गाठी वाढतात. माझ्या मते कर्मसिद्धांताचा खरा उपयोग पुढे बघण्यासाठी आहे : आता, या क्षणी, माझ्या हातात कोणतं कर्म आहे? मागचं शोधायचंच तर फक्त स्वतःचं.

मग दुसऱ्याच्या दुःखापुढे द्वितीयपुरुषात काहीच बोलायचं नाही का? बोलण्याआधी करायचं. आणि हेही मी बापूंकडूनच शिकलो. परचुरे शास्त्री नावाचे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांना कुष्ठरोग झालेला. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. त्या काळात कुष्ठरोग म्हणजे पापाचं फळ हे लोक धरूनच चालायचे. बापूंनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून घेतली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करायला लागले. ज्या माणसाने भूकंपात पाप शोधलं, त्याच माणसाने या जखमांमध्ये ते शोधलं नाही. तिथे त्यांनी तेलाची वाटी घेतली. भूकंपावरचं त्यांचं बोलणं मी सोडून देतो, ती वाटी ठेवून घेतो.

आता दुसरा, जास्त अवघड प्रश्न. अध्यात्माने कॅन्सर बरा होत नाही हे मान्य केलं, तर मग त्याचा उपयोग काय?

मावशीच्या किमोला मी चार वेळा सोबत होतो. पहिल्या किमोनंतर तिसऱ्या आठवड्यात तिचे केस गेले. लाल रंगाचं ते औषध चढायला लागलं की ती डोळे मिटायची आणि ओठ हलायचे. मी एकदा विचारलं, काय म्हणतेस? मला वाटलं, गीताईचा अध्याय असेल. ती म्हणाली, "काही नाही. पांडुरंगाले म्हणून राहिली, इथंच बस, कुठं जाऊ नको."

बस, एवढंच. त्यात गाठ जाऊ दे अशी मागणीसुद्धा नव्हती. डॉक्टर येत-जात होते, नर्स बदलत होत्या, मला सारखे ऑफिसचे कॉल येत होते. कुठेही न जाणारा एकजण तिला हवा होता. आणि तो होता. रात्री तीनला तोंडात छाले येऊन झोप लागत नाही तेव्हा घरातल्या कोणाला उठवायचा संकोच वाटतो. त्याला उठवावं लागत नाही.

तिच्याबरोबर वॉर्डात आणखी एक काकू होत्या. रोज जप करायच्या, मावशीला पोथी वाचून दाखवायच्या. मावशीपेक्षा त्यांची श्रद्धा जास्त होती असं मावशीच सांगते. त्या गेल्या वर्षी गेल्या. म्हणून मी "मावशी बरी झाली, बघा भक्तीची ताकद" असं लिहू शकत नाही. तसं लिहिलं तर त्या काकूंची भक्ती कमी पडली असा अर्थ होईल, आणि ते खोटं आहे. त्या दोघी एकाच आधाराला धरून होत्या. आधाराचं मोजमाप शेवट काय झाला यावरून होत नाही. अंधारात कोणी हात धरला असेल, तर रस्ता कुठे संपला यावरून तो हात खरा की खोटा ठरत नाही.

रेडिएशन संपल्यावर मावशीला वर्ध्याला गीताई मंदिरात जायचं होतं. तुम्ही गेला नसाल तर जा. त्या मंदिराला छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. मोकळ्या आभाळाखाली उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर गीताईचे श्लोक कोरलेले आहेत. विनोबांनी वर्ध्यात १९३०-३१ मध्ये गीताई लिहिली, आणि लिहिण्यामागे त्यांच्या आईची इच्छा होती. तिला संस्कृत कळत नव्हतं, आणि मिळालेली मराठी गीताही जड जात होती. ती मुलाला म्हणाली, तूच का नाही लिहीत? आपण रोज इथे जे वाचतो, ते एका घरच्या बाईला कळावं म्हणून लिहिलेलं आहे. हे मी विसरलो होतो. मी ते पायऱ्या चढणाऱ्या हुशार लोकांसाठीचं समजत होतो.

मावशी डोक्याला रुमाल बांधून हळूहळू त्या शिळांमधून चालत होती. ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून पूर्ण वर जात नव्हता, म्हणून दुसऱ्या हाताने अक्षरं चाचपत होती. सातव्या अध्यायाशी मी तिला हा श्लोक दाखवला. चार प्रकारचे भक्त समजावून सांगितले, माझ्या सवयीप्रमाणे जिन्यासारखेच. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे मी पहिल्या नंबरवर."

मी हसलो. ती हसली नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं. आणि घरी येऊन मी परत वाचलं तर भगवंतांनी यादीची सुरुवात आर्तापासूनच केली आहे, आणि शेवटी सगळ्यांना उदार म्हटलं आहे. मला तर तेव्हा वाटलं की हा जिना नसेलच, चार दारं असतील. दुखणाऱ्याचं दार कमी दर्जाचं नाही. उलट, त्या दारातून येणारा सोंग करू शकत नाही.

एक शंका कोणीतरी नक्की मेल करेल, म्हणून आधीच लिहितो. विनोबांनी शेवटी औषध नाकारलं होतं, मग माझ्या आईने किमो नाकारली तर? विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला गेले तेव्हा ८७ वर्षांचे होते. अन्न, पाणी, औषध सोडायचा तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आयुष्यभराच्या साधनेनंतरचा. आणि त्याच विनोबांनी १९५२ मध्ये बिहारमध्ये चांडीलला मलेरियाने गंभीर आजारी असताना आधी औषध नाकारलं, पण लोकांनी कळवळून सांगितल्यावर घेतलं. पुढची भूदानयात्रा त्या औषधानंतरची आहे. बापूंनी तर १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये दवाखान्यांवर कडाडून टीका केली होती, पण १९२४ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं. संतांचा शेवटचा अध्याय उचलून आपल्या पहिल्या गाठीवर लावू नये. प्रौढ बाईने सगळं समजून उपचाराबद्दल स्वतः निर्णय घेणं वेगळं. भीतीला वैराग्याचं नाव देणं वेगळं. मावशीचे एकवीस शनिवार वाईट नव्हते. ते डॉक्टरच्या जागी बसवले गेले, हे वाईट झालं. शनिवार धरून सोमवारी ओपीडीत जाता आलं असतं.

आणि लवकर जाण्याने खरंच फरक पडतो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांना प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. मशीन नाही, काही नाही. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंतला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशी आणि पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. जाणत्या हातांनी वेळेवर केलेली तपासणी, बस. मला ती आरोग्यसेविका आणि तेलाची वाटी घेतलेले बापू एकाच रांगेत दिसतात.

मावशी आता रोजची हार्मोनची गोळी घेते. पुढच्या आठवड्यात तिची तपासणी आहे. तपासणीच्या आधीचे आठ दिवस ती नीट झोपत नाही, तीन वर्षं झाली तरी. काल फोनवर मी तिला "काही होणार नाही, सकारात्मक राहा" असं म्हणणार होतो. थांबलो. मला ते माहीत नाही, आणि घाबरू नको म्हणणं हासुद्धा तिच्यावर एक हुकूमच झाला. मी म्हणालो, "मावशी, मी येऊन राहिलो, सोबत जाऊ." ती म्हणाली, "ये. येताना पुण्याची बाकरवडी आण."

सुट्टी टाकली आहे. तिकीट काढलं आहे.

आजचा अभ्यास, तीन छोट्या गोष्टी :

१. आज कोणाही आजारी माणसाला श्लोक, सुविचार, फॉरवर्ड पाठवू नका. माझ्या ब्लॉगचा तर नाहीच. त्याऐवजी विचारा, "कधी येऊ? काय आणू?"

२. आईला, मावशीला, काकूला एकदा सरळ विचारा की छातीत गाठ, त्वचेत बदल असं काही जाणवतंय का. लाज आपण आधी सोडली तर त्या सोडतील. काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

३. स्वतः दुःखात असाल तर आजचे तीन श्लोक वाचा आणि मोकळेपणाने हाक मारा. "मी फक्त संकटातच आठवण काढतो" याची लाज बाळगू नका. त्याने तुम्हाला आधीच उदार म्हटलेलं आहे.

उद्या श्लोक १९ घेऊ.

जय जगत.